किशोरी, मुकुल की केदार? गायकांवरून बाळाचं नाव ठेवायचं असेल तर

घरात गाणं ऐकणारी माणसं असली की नावांच्या यादीत एखाद्या गायकाचं नाव येतंच आणि तिथूनच घोळ सुरू होतो, आजोबांना भीमसेन हवं असतं, आईला कौशिकी आवडलेलं असतं, बाबा म्हणतात रागाचंच ठेवू ना, केदार नाहीतर बागेश्री. आमच्याकडे ठाण्यात सध्या हेच चाललंय आणि मी होणारी आत्या, म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव मीच सांगणार, म्हणून मी सगळी नावं शेजारी शेजारी ठेवून नीट विचार केला. तुमचंही अडलं असेल तर बघा.

पहिला प्रश्न हा की आठवण किती उघड दिसायला हवीय. लता ठेवलंत तर कोणावरून ठेवलं हे कुणालाच सांगावं लागत नाही, पण मग ती पोर बालवाडीत गेल्यापासून प्रत्येक काका-मावशी तिला म्हणणार, अरे वा लता, मग गाणं म्हणून दाखव बघू. मुलीला गाण्यात रस नसेल तर हे आयुष्यभर ऐकत बसायचं, मला ते बरं वाटत नाही. शिवाय आईच्या पिढीत प्रत्येक चाळीत एक तरी लता होती, त्यामुळे आज ते जरा जुनं वाटतं, अर्थात काही जणांना तेच आवडेल.

किशोरी मला सगळ्यात जास्त आवडलं. ज्यांना कळायचं त्यांना लगेच किशोरीताई आमोणकर आठवतात आणि बाकीच्यांसाठी ते एक साधं गोड नाव, ना फार जुनं ना उगाच फॅन्सी. ताई गाणं शिकल्या मुख्यतः आईकडून, मोगूबाई कुर्डीकरांकडून, जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम आईने मुलीला दिली ही गोष्ट मुलीच्या नावामागे असावी असं मला मनापासून वाटतं. एकच अडचण, सरकारी योजनांमध्ये आणि शाळेतल्या आरोग्याच्या कार्यक्रमात किशोरी हा शब्द वयात येणाऱ्या मुलींसाठी वापरतात, तर सातवी-आठवीत वर्गात थोडी चिडवाचिडवी होऊ शकते.

कौशिकी म्हणजे पटियाला घराण्याच्या कौशिकी चक्रवर्ती, नाव ऐकायला सुंदर आहे, पण घरात सगळे कौशू करून टाकणार. कलापिनी हे कुमार गंधर्वांच्या मुलीचं नाव, फार वेगळं आहे पण फार कमी जणांना पहिल्या फटक्यात नीट म्हणता येतं, घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये शेजारी गुजराती, समोर मल्याळी, खाली पंजाबी असताना त्याचं काय काय होईल सांगता येत नाही.

मुलांच्या बाबतीत जास्त गुंता आहे. भीमसेन ऐकलं की पंडितजीच डोळ्यासमोर येतात, पण शाळेत त्याचा भीम होणार आणि पोरगा किडकिडीत निघाला तर जास्तच. कुमार ठेवायचं असेल तर हे लक्षात घ्या की ती पदवी होती, कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र. तसं बघायला गेलं तर लतादीदी आधी हेमा होत्या, सुधीर फडके रामचंद्र होते, ए. आर. रेहमान आधी दिलीप कुमार होता, म्हणजे अगदी मूळ नावच हवं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. नुसतं कुमार मात्र नको, फॉर्ममध्ये ते मधलं नाव किंवा आडनाव समजलं जातं. वसंत छान, वसंतराव देशपांडेंवर जीव असेल तर बिनधास्त ठेवा, फक्त आजच्या वर्गात तो एकटाच वसंत असेल.

राम म्हटलं की पंडित राम मराठे, ठाण्याचे म्हणून आपल्याला जास्त जवळचे, त्यांच्या स्मृतीत महापालिका संगीत समारोह भरवते, पण राम नाव ऐकून कुणाच्याही मनात मराठे येणार नाहीत, तेव्हा ते कारण घरातच राहील.

म्हणून मी गायकांनी स्वतःच्या मुलांना काय नावं ठेवली ते बघितलं आणि मला तो रस्ता जास्त पटला. कुमारजींचा मुकुल, जितेंद्र अभिषेकींचा शौनक, दोन्ही नावं छोटी, आजही ताजी, आणि मागे अख्खं घराणं उभं आहे. दोघांत मी मुकुलला झुकतं माप देते कारण शौनकचं इंग्रजी स्पेलिंग कोणी ओ-यू करतं कोणी ए-यू, आणि मग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. हाक मारायला मात्र दोन्ही तोकडी पडतात. बाल्कनीतून खाली खेळणाऱ्या पोराला ओरडून बघा, किशोरीचा शेवटचा ई हवा तेवढा लांबवता येतो, मुकुल ल वर आणि शौनक क वर पटकन तुटतं, मग आपोआप मुकूऽऽ होतं.

रागांची नावं सोपी आणि सुरक्षित. केदार, मल्हार, भैरवी, बागेश्री कुठेही चालतात. पण केदार म्हटलं की लोकांना महादेव आठवतो, मल्हार म्हटलं की खंडोबा, तेव्हा एखाद्या गायकावरचं प्रेम दाखवायचं असेल तर ते इथे दिसत नाही.

आता कागदपत्रं, कारण ठरल्यावर बदलणं कटकटीचं असतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नाव त्याच वेळी द्यायलाच हवं असं नाही, १२ महिन्यांपर्यंत ते फी न भरता टाकता येतं, नंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. त्यामुळे घाईघाईत लिहून देऊ नका. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं पूर्ण नाव आपल्या राज्यात बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लिहितात, तर सगळं सलग म्हणून बघा, किशोरी प्राजक्ता नीलेश सहज जातं, कलापिनी प्राजक्ता नीलेश म्हणताना दम लागतो.

पत्रिकेतलं अक्षर पाळणाऱ्यांना मिथुन रास आली तर किशोरी, केदार दोन्ही बसतात, सिंहेला मुकुल, कुंभेला शौनक. दादा-वहिनीला मी मुलगी झाली तर किशोरी आणि मुलगा झाला तर मुकुल अशी दोनच नावं कळवली आहेत, वहिनीचं अजून कौशिकीवरच अडलंय आणि ते तिने सोडू नये असंही मला वाटतं, शेवटी दिवसातून शंभर वेळा हाक तिलाच मारायचीय.