मच्छरदाणीचा स्वस्त हॅमॉक: सह्याद्रीत पावसाळाअखेर ते उन्हाळा वापरल्यानंतर

सह्याद्रीत उघड्यावर मुक्काम करणाऱ्याने जमिनीपासून वर झोपावं, याचं सगळ्यात मोठं कारण मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा जागही येत नाही. कोकणच्या बाजूला फुरसं आहे, दगडाखाली विंचू आहेत. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीच्या रानात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यातल्या गोचिडीमुळे माकडतापाची भीती असते. शेतकरी राखणीला माळा बांधून वर बसतो ते उगाच नाही. आपल्याला मात्र माळा पाठीवर घेऊन चढता येत नाही, म्हणून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी.

इथे लिहितोय ते ऑनलाइन हजार ते दीड हजारात मिळणाऱ्या, मच्छरदाणी शिवलेल्या, एकपदरी पॅराशूट नायलॉनच्या हॅमॉकबद्दल. एक 2.6 मीटर लांबीचा आणि एक 3 मीटरचा, असे दोन्ही वापरून झाले. कापड दोन्हींचं चांगलं निघालं: उसवलं नाही, विरलं नाही. पैसे कमी पडत असतील तर कापडात वाचवा, बाकी तीन गोष्टींत वाचवू नका: झाडाला बांधायचे पट्टे, पाठीखालची ऊब आणि वरचं छप्पर.

आधी लांबी. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर 3 मीटरपेक्षा लहान घेऊच नका. हॅमॉकमध्ये सरळ, नाकासमोर झोपायचं नसतं. डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे, पाय उजवीकडे (किंवा उलट), असं तिरकं पडलं की कापड ताणून सपाट होतं आणि पाठ जवळजवळ सरळ राहते. 2.6 मीटरमध्ये तिरकं व्हायला जागाच उरत नाही. पोटरीखाली कापडाची ताठ धार येते, गुडघे उलट्या बाजूला दाबले जातात आणि पहाटे पाय अवघडतात. गुडघ्याखाली जॅकेटची गुंडाळी ठेवली तर थोडा आराम पडतो, पण तो तात्पुरता इलाज. रुंदी 1.4 मीटर असली तर एकाला पुरते.

आता पट्टे. सोबत येतात त्या दोऱ्या आणि इंग्रजी एसच्या आकाराचे आकडे, दोन्ही बाजूला काढून ठेवा. दोरी भार आल्यावर ताणते, सालीत रुतते, झाडाला वळ पाडते आणि गुळगुळीत खोडावरून घसरते. आकडा भार असताना निसटत नाही, पण रात्री उठून परत बसताना, दोरी क्षणभर सैल पडली की सुटू शकतो. त्याऐवजी 25 मिलिमीटर रुंद पॉलिएस्टरचे पट्टे, प्रत्येकी 3 मीटर, असे दोन घ्या. नायलॉनचे नकोत, नायलॉन भिजलं की लांबतं आणि मध्यरात्री पाठ जमिनीला टेकते. पट्ट्याच्या टोकाचा फास बाजारात शिवूनच मिळतो. घरी शिवणार असाल तर सुती दोरा चालत नाही, जाड पॉलिएस्टर दोऱ्याने मागे-पुढे चार-पाच वेळा दाट टीप मारा. पट्टा हॅमॉकला जोडायच्या धातूच्या कड्या, म्हणजे कॅराबिनर, मात्र गिर्यारोहणाचेच हवेत, अंगावर किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेले. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसले रंगीत अॅल्युमिनियमचे कॅराबिनर दिसायला सारखेच असतात, पण त्यांचं तोंड भाराखाली उघडतं.

ताकदीचा इतका आग्रह का, ते कोनावरून कळतं. 80 किलोचा माणूस झोपला आणि पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशाचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर ओढ 80 किलोची येते. कोन 15 अंश केला की ती दीडशेच्या पुढे जाते, 10 अंशाला 230 किलो, आणि 5 अंशाला साडेचारशेच्या वर. नवखे लोक हॅमॉक ‘सपाट व्हावा’ म्हणून खेचून ताठ बांधतात. त्याने तो सपाट तर होत नाहीच, उलट दोन्ही कडा आत वळून खांदे आवळले जातात, आणि पट्टा, शिवण, झाड सगळ्यांवर तिप्पट ताण येतो. सैल बांधायचा, ठळक झोळ दिसेल असा. कोन मोजायला अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, तर्जनी आडवी, अंगठा वर. दोन्ही टोकांना जोडणारी तिरकी रेष साधारण 30 अंशाची असते. पट्टा तिला समांतर दिसला पाहिजे.

दर वेळी कोनाची कटकट नको असेल तर रिजलाइन बांधा. हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून न ताणणारी बारीक दोरी, लांबी हॅमॉकच्या 83 टक्के. 3 मीटरच्या हॅमॉकला साधारण 2.5 मीटर. मग झाडं जवळ असोत की लांब, झोळ रोज सारखाच बसतो. शिवाय मच्छरदाणी याच दोरीवर टांगली जाते, तोंडावर पडत नाही; टॉर्च आणि चष्मा अडकवायला जागा मिळते.

झाडं साडेचार मीटरच्या आसपास अंतरावर असली की पट्टा साधारण पावणेदोन मीटर उंचीवर, उभ्या माणसाच्या कपाळापाशी बांधायचा. बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट वर राहतं, म्हणजे बरोबर खुर्चीएवढं. पायाकडचं टोक डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच ठेवा, नाहीतर रात्रभर माणूस मध्याकडे घसरत राहतो. पट्टा खोडाला दोन फेरे देऊन फासातून ओवला की घसरत नाही. भार एकदम टाकू नका. आधी हाताने दाबा, मग बसा, मग पाय वर घ्या.

झाड कोणतं, हा सह्याद्रीतला खरा प्रश्न आहे. जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा, साग चालतात. खोड निदान वीतभर जाड आणि जिवंत हवं. शेवगा ठिसूळ. पांगारा आणि सावरीला काटे. बिब्ब्याच्या झाडापासून लांब राहा, चीक अंगाला लागला तर फोड येतात. नारळाखाली झोपणं म्हणजे डोक्यावर नारळ घेणं. कोकणात आंब्यावर पानं चिकटवून केलेली लाल मुंग्यांची घरटी दिसली तर दुसरं झाड शोधा, त्या पट्ट्यावरून सरळ आत येतात. टॉर्च वर मारून वाळलेल्या फांद्या आणि आग्या मोहोळ बघितल्याशिवाय गाठ मारू नये. देवराईतल्या झाडांना पट्टा लावू नका. गडावरच्या मंदिराचे खांब, तटबंदीचे दगड यांना तर हातही लावू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, राधानगरी ही अभयारण्यं आहेत; तिथे मुक्कामाची परवानगी वन विभागाकडून आधी घ्यावी लागते. आणि बिबट्या, गवा, अस्वल यांच्यापासून हॅमॉक वाचवत नाही. तो जमिनीपासून वाचवतो, एवढंच.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव भरून आला तर माथ्यावरच्या एकट्या उंच झाडाला बांधलेला हॅमॉक सोडून खाली उतरा. विजेच्या वेळी झाडाला टांगून घेण्याइतकं वाईट काही नाही.

ऊब. यावर सगळ्यात कमी लोक लक्ष देतात आणि म्हणूनच पहिल्या थंडीनंतर कित्येक हॅमॉक घरच्या पोटमाळ्यावर जातात. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्यातल्या फुगीर हवेत असते. अंगाखाली ती दबून चपटी होते, आणि हॅमॉकच्या खालून वारा मोकळा वाहतो. त्यामुळे तापमान 20 अंशांच्या खाली गेलं की चांगली बॅग असूनही पाठ, कंबर आणि खांदे गार पडतात. डिसेंबरात माथ्यावर पारा 10 च्या आसपास उतरतो, तेव्हा तर झोप लागणंच अशक्य. सोपा उपाय म्हणजे 8 ते 10 मिलिमीटर जाडीची फोमची कॅरीमॅट. ती भिजत नाही आणि डासांनाही अडवते. एकपदरी नायलॉनमधून डास खालून आरामात चावतात, हे वेगळं सांगायला हवं, कारण मच्छरदाणी असूनही पाठीला गांधी कशा, हा प्रश्न हमखास पडतो. मॅट 50-60 सेंटिमीटर रुंद असते, म्हणून खांदे बाहेर राहतात. दुसऱ्या जुन्या मॅटचा 50 बाय 100 सेंटिमीटरचा तुकडा खांद्याखाली आडवा घाला, प्रश्न मिटतो. मॅट घसरत असेल तर दोनपदरी हॅमॉक घ्या आणि ती दोन पदरांच्या मध्ये सरकवा.

त्याहून चांगलं म्हणजे बाहेरून, खाली टांगायची रजई. पॉलिएस्टर भरलेली सिंगल रजई 130 बाय 200 सेंटिमीटरची करून घ्या, चारी कडांना दोरी जाईल एवढी नेफ्यासारखी पट्टी शिवा. लांब बाजूंत साधी दोरी, दोन टोकांना इलास्टिक. ती हॅमॉकच्या खालून टांगायची आणि टोकं आवळायची. आत पडून खालून हात घालून बघा: रजई पाठीला टेकलेली हवी, पण दाबलेली नको. मध्ये पोकळी राहिली तर गार वारा तिथेच खेळतो. फार आवळली तर भरण चपटं होऊन पुन्हा पहिले पाढे. भीमाशंकरच्या जंगलात जानेवारीत ही रजई मॅटपेक्षा कितीतरी सरस ठरली, पण किलोभर वजन आणि अर्धी सॅक खाते.

छप्परासाठी 3 बाय 3 मीटरची ताडपत्री. 120 जीएसएमची (चौरस मीटरला 120 ग्रॅम) घेतली तर वजन 1,080 ग्रॅम भरतं; 90 ची साधारण 810, पण कड्यांपाशी लवकर फाटते. तिची दोरी हॅमॉकच्या पट्ट्यांपेक्षा वर, वेगळी बांधा, म्हणजे रात्री ताण कमी-जास्त करता येतो. ताडपत्रीच्या कड्यांना सुरगाठ मारा; निरगाठ भिजल्यावर पहाटेच्या अंधारात सुटत नाही. सप्टेंबरच्या पावसात पाणी खोडावरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून सरळ हॅमॉकमध्ये येतं. पट्ट्यावर, हॅमॉकच्या टोकाच्या अलीकडे, सुती नाडीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोडा. पाणी तिथून ठिबकून जातं. जोराच्या तिरप्या पावसात आणि ढगांतल्या धुक्यात मात्र सगळं ओलं होतंच. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर या सेटअपची शिफारस करणार नाही.

एकूण खर्च: हॅमॉक हजार ते दीड हजार, पट्टे आणि कॅराबिनर पाचशे ते सातशे, ताडपत्री पाचशे ते आठशे, मॅट चारशे ते आठशे. म्हणजे चोवीसशे ते अडतीसशे. वजन दोऱ्या-मेखांसह अडीच किलोच्या वरखाली, स्वस्त दोन माणसांच्या डोम तंबूएवढंच.

उघड्या कातळावर, कोकणकड्यासारख्या ठिकाणी, झाडंच नसतात. तिथे हॅमॉक निव्वळ ओझं. गाडी मुक्कामापर्यंत जात असेल तर फोल्डिंग खाट घ्या: 190 बाय 65 सेंटिमीटर, सहा-सात किलो. तिची गादीही खालून गारच पडते, तेव्हा मॅट तिथेही हवीच. पाय मऊ मातीत रुततात आणि चौकट पिळवटते, म्हणून प्रत्येक पायाखाली चपटा दगड ठेवा. कापड नेहमी डोक्याकडच्या दांडीपाशी फाटायला लागतं; काठावर बसू नका, मधोमध बसून मगच आडवे व्हा. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचल्याशिवाय खाटेवर झोपण्यात अर्थ नाही, जमिनीला टेकलेल्या जाळीवरून साप-विंचू वर येऊ शकतात.

परतल्यावर हॅमॉक उन्हात नव्हे, सावलीत पूर्ण वाळवा; उन्हाने नायलॉन कमजोर होतं आणि ओला गुंडाळला तर बुरशी धरते. पुढच्या मुक्कामाआधी दोन्ही टोकांच्या चुण्यांतली शिवण आणि पट्ट्यांच्या फासाची टीप बोटांनी चाचपून बघा. धागे निघालेले दिसले तर पट्टा बदला. बूट रात्री जमिनीवर ठेवू नका, मोजे आत कोंबून पट्ट्याला उलटे टांगा.