हेल्थकेअर डॉट गव्हवरचा विमा: माल चांगला, किंमत वॉशिंग्टनच्या हातात

अमेरिकेत नोकरीतून आरोग्यविमा मिळत नसेल तर हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी बाजारपेठ उरते. लोक ज्याला ओबामाकेअर म्हणतात तेच हे. मराठी घरांत याची गरज पडते ती स्वतःचा धंदा करणाऱ्यांना, लेऑफ झालेल्यांना, पासष्टीच्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि ग्रीन कार्डावर मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना. या सगळ्यांना आमचं सांगणं असं: विमा म्हणून हा माल चांगला आहे, पण 2026 पासून उत्पन्नाचा आकडा डॉलर-डॉलरने मोजल्याशिवाय तो घेऊ नका.

चांगलं काय, ते आधी. मधुमेह असो, बायपास झालेली असो की कॅन्सरचे उपचार चालू असोत, कंपनी विमा नाकारू शकत नाही आणि आजाराकडे बघून हप्ता वाढवू शकत नाही. हप्ता ठरतो तो वय, राहण्याचं ठिकाण आणि तंबाखू यांवरून. ज्येष्ठांचा हप्ता एकविशीतल्या माणसाच्या तिपटीहून जास्त लावता येत नाही. खर्चाला वर्षाची किंवा आयुष्याची कमाल मर्यादा नाही. उलट तुमच्या खिशाला मर्यादा आहे: नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या, उपचारांसाठी 2026 मध्ये एका माणसाला जास्तीत जास्त 10,600 डॉलर, कुटुंबाला 21,200. पाहुण्यांसाठीचा व्हिजिटर विमा पन्नास हजार किंवा लाख डॉलरला थांबतो आणि जुना आजार बहुतेक वेळा बाहेर ठेवतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही आईबाबांना त्याच विम्यावर ठेवणं म्हणजे एका हार्ट अटॅकवर घर पणाला लावणं.

ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या नावांवरून डॉक्टर चांगले-वाईट ठरवू नका. फरक वाट्याचा आहे. ब्राँझमध्ये कंपनी सरासरी 60 टक्के खर्च उचलते, सिल्व्हरमध्ये 70, गोल्डमध्ये 80. पण उत्पन्न अमेरिकन सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत असेल तर सिल्व्हरच्या पोटात एक वेगळाच विमा दडलेला असतो: दीडपटीपर्यंत 94 टक्के, दुपटीपर्यंत 87, अडीचपटीपर्यंत 73. ही सवलत फक्त सिल्व्हरवर मिळते. हप्ता शून्य दिसतो म्हणून 94 टक्क्यांचा हक्क असणारा माणूस ब्राँझ घेतो, तेव्हा हजारो डॉलरच्या डिडक्टिबलचं, म्हणजे कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायच्या रकमेचं, ओझं तो स्वतःहून अंगावर घेतो. अडीचपटीच्या वर असाल तर आधी गोल्ड बघा. ही सवलत दिल्याबद्दल कंपन्यांना मिळणारे पैसे 2017 च्या ऑक्टोबरात ट्रम्प सरकारने बंद केले, कंपन्यांनी तो बोजा सिल्व्हरच्या हप्त्यावर टाकला, आणि तेव्हापासून काही भागांत गोल्ड सिल्व्हरपेक्षा स्वस्त पडतो.

आता किंमत. 2021 ते 2025 या काळात नियम सोपा होता: त्या भागातला दुसऱ्या क्रमांकाचा स्वस्त सिल्व्हर विमा घेतला तर उत्पन्नाच्या 8.5 टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता नाही, उत्पन्न कितीही असो. वरचा भाग सरकार सबसिडी म्हणून भरायचं. ही वाढीव सबसिडी 31 डिसेंबर 2025 ला संपली. तिची मुदत वाढवावी या मुख्य मागणीवर 2025 च्या 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकार बंद राहिलं. डिसेंबरात सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सचा तीन वर्षं मुदतवाढीचा प्रस्ताव पडला. सबसिडीऐवजी लोकांच्या हेल्थ सेव्हिंग्ज खात्यात (उपचारांच्या खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं) 1,000 ते 1,500 डॉलर टाकण्याचा रिपब्लिकनांचा प्रस्तावही त्याच दिवशी पडला. शून्य हप्त्याच्या विम्यांमुळे काही एजंट लोकांच्या नकळत त्यांची नावं नोंदवून कमिशन खातात, हा रिपब्लिकनांचा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय एजंटांना चाप लावणं हा होता. झालं असं की ज्यांनी काहीच गैर केलं नाही त्या साठीतल्या जोडप्यांचा हप्ता कुणाच्याही आवाक्याबाहेर गेला. आणि हजार-पंधराशे डॉलरमध्ये साठीतल्या माणसाचा दोन महिन्यांचा हप्तासुद्धा सगळीकडे निघत नाही. हे कुणीतरी सिनेटमध्ये बसून नीट मोजायला हवं होतं.

2026 चा नियम असा: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत असेल तर हप्ता उत्पन्नाच्या 2.1 ते 9.96 टक्के. चौपटीच्या एक डॉलर वर गेलात की सबसिडी शून्य. चौपट म्हणजे एकट्याला 62,600, दोघांना 84,600, चौघांना 1,28,600 डॉलर. 84,600 वर दोघांना वर्षाला साधारण 8,430 डॉलर भरावे लागतात. 85,000 कमावणाऱ्या साठीतल्या जोडप्याचा वर्षाचा हप्ता 2025 च्या तुलनेत 22,600 डॉलरहून जास्त वाढेल, असा केएफएफ या आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा हिशोब आहे. फरक 400 डॉलर उत्पन्नाचा.

म्हणून चौपटीची ही कडा जवळ असेल तर उत्पन्न कायदेशीर मार्गाने खाली आणा. 2026 पासून बाजारपेठेतले सगळे ब्राँझ विमे हेल्थ सेव्हिंग्ज खात्याला चालतात. दोघांचं उत्पन्न 90,000 असेल आणि ब्राँझ घेऊन त्या खात्यात कुटुंबाची पूर्ण मर्यादा म्हणजे 8,750 डॉलर भरले, तर हिशोबाचं उत्पन्न 81,250 होतं आणि सबसिडी परत मिळते. कमाई कामाची असेल तर पारंपरिक आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्याचीही मदत होते. या दोन्हींत पुढच्या 15 एप्रिलपर्यंत भरलेले पैसे मागच्या वर्षाला लावता येतात, म्हणजे वर्ष संपल्यावरही सावरता येतं. उलट बाजूने शेअर विकणं, पारंपरिक आयआरएचं रॉथ खात्यात रूपांतर करणं, पुण्यातला फ्लॅट विकणं यांतलं काहीही डिसेंबरात केलंत तर कडा ओलांडली जाईल. पूर्वी जास्त घेतलेली सबसिडी परत करायला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा होती. 2026 च्या करवर्षापासून ती मर्यादा काढली आहे. वर्षभर घेतलेली सगळी रक्कम टॅक्स रिटर्नसोबत सबसिडीच्या हिशोबाचा फॉर्म 8962 भरताना एका फटक्यात परत मागतील.

उत्पन्न म्हणजे जगभरातलं उत्पन्न. भारतातलं पेन्शन, भाडं, मुदत ठेवींचं व्याज, सगळं धरायचं. एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून ते सोडून देणारे खूप आहेत. इथे ते धरावंच लागतं.

आईवडिलांच्या बाबतीत पहिला प्रश्न विम्याचा नाही, टॅक्स रिटर्नचा आहे. मुलाने त्यांना आपल्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवलं तर मुलासुनेचा पगार त्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न ठरतो आणि सबसिडी बहुधा जाते. त्यांनी स्वतःचं वेगळं रिटर्न भरलं तर त्यांचंच उत्पन्न धरलं जातं, पण मग नवरा-बायकोने ते एकत्रच भरावं लागतं. दुसरी अट 2026 पासूनची: ग्रीन कार्डाला पाच वर्षं न झाल्यामुळे ज्यांना मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, मिळत नाही, त्यांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली, म्हणजे दोघांना 21,150 डॉलरच्या खाली असेल तर आता सबसिडी नाही. आधी ती मिळायची. सगळ्यात गरीब ज्येष्ठांनाच पूर्ण हप्ता लावणारी ही तरतूद अन्यायाची आहे. तरीही रेषेच्या वर दिसण्यासाठी उत्पन्न फुगवून लिहू नका, कारण त्याचे कागद मागतात. पाच वर्षांनी, पासष्टी गाठली असेल तर, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा विकत घेता येतो. अमेरिकेत कामाची नोंद नसेल तर 2026 चा दर पार्ट ए (हॉस्पिटल) साठी महिना 565 आणि पार्ट बी (डॉक्टर) साठी 202.90 डॉलर आहे. पार्ट बी ला उशीर केला तर दर बारा महिन्यांमागे दहा टक्के जास्त, कायमचे.

नव्याने आलेल्यांना राहायला आल्यापासून 60 दिवसांत अर्ज करता येतो. विमा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतो: 5 एप्रिलला उतरून 30 एप्रिलपर्यंत निवडला तर 1 मेपासून. मधल्या दिवसांसाठी व्हिजिटर विमा घ्या.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. ग्रीन कार्डावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते गाळलेलं, आणि अर्जात तिसरंच. सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसं अक्षरन् अक्षर नाव लिहा. ग्रीन कार्डावरचं नाव वेगळं असेल तर कागदावरचं नाव हेच आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून दुसरं नाव भरा. ग्रीन कार्डावरचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला नंबर) आणि कार्ड नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख पटवण्याचे प्रश्न क्रेडिट इतिहासावरून येतात, आणि नव्या माणसाला तो इतिहास नसतोच. तिथे अडकलात तर पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, कागद अपलोड करा किंवा कॉल सेंटरला फोन करून अर्ज पूर्ण करा. कागद मागणारं पत्र आलं तर साधारण 90 दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर सबसिडी किंवा विमाच बंद होतो. विमा निवडल्यावर पहिला हप्ता कंपनीकडे थेट भरावा लागतो. तो भरेपर्यंत विमा सुरू झालेलाच नसतो.

शोधताना पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह आहे का ते बघा. तशाच नावांच्या खाजगी साइटवर फोन नंबर टाकला की तासाभरात विक्रेत्यांचे फोन सुरू होतात, आणि ते अल्पमुदतीचा विमा गळ्यात मारतात. त्यात जुना आजार धरत नाहीत. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि 2026 पासून इलिनॉय यांच्या स्वतःच्या बाजारपेठा आहेत. टेक्सास आणि फ्लोरिडाकर मात्र या साइटवरच. डॉक्टरकडे चौकशी करताना नुसतं कंपनीचं नाव सांगू नका. विम्याचं आणि नेटवर्कचं पूर्ण नाव वाचून दाखवा, कारण एकाच कंपनीच्या दोन विम्यांची नेटवर्क वेगळी असतात आणि साइटवरची यादी जुनी असू शकते.

एच-1बी, एच-4 आणि एफ-1 वाल्यांनी 1 जानेवारी 2027 ही तारीख लिहून ठेवावी. त्या दिवसापासून या व्हिसांवर सबसिडी मिळणार नाही. विमा घेता येईल, पण पूर्ण किमतीला. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा वर्षं कर भरणाऱ्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्यापुढे दोन पर्याय उरतील: हा पूर्ण दराचा विमा, किंवा कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं, जो बहुधा 18 महिने चालतो आणि ज्याची किंमत मूळ खर्चाच्या 102 टक्क्यांपर्यंत असते. कोब्रा निवडण्याची आणि इथे अर्ज करण्याची, दोन्ही मुदती 60 दिवसांच्या आहेत. पण कोब्रा घेऊन मधेच स्वतःहून सोडला तर इथलं दार पुढच्या खुल्या नोंदणीपर्यंत, म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांसाठी उघडणाऱ्या नोंदणीपर्यंत, बंद राहतं, आणि 2027 साठीची ती नोंदणी या साइटवर 1 नोव्हेंबरला उघडून 15 जानेवारीऐवजी 15 डिसेंबरलाच संपते.