ओव्हरलिमिटचे पैसे परत करतो, असा फोन आला तर

क्रेडिट कार्डाची मर्यादा ओलांडल्याबद्दल लागणारा आकार, म्हणजे ओव्हरलिमिट चार्ज, किरकोळ वाटतो, पण हिशेब मांडून पाहा. मर्यादा १,००,००० रुपये, आधीचे ९८,७०० वापरलेले. दादरला पाडव्याची खरेदी झाली २,५०० ची आणि कार्ड चाललं. म्हणजे मर्यादेच्या वर गेले १,२००. बऱ्याच बँकांचा दर जादा रकमेच्या अडीच टक्के असतो, त्याने होतात फक्त ३० रुपये. पण शेजारीच ‘किमान’ अशी अट असते, साधारण ५०० ते ६०० ची. ५५० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९९. बाराशेच्या जादा खर्चाला ६४९.

बिलातल्या या ओळीने माणूस आधीच चिडलेला असतो, आणि भामट्याला नेमका तोच हवा असतो. घाटकोपरच्या एका निवृत्त गृहस्थांना फोन आला तो असा: ‘काका, कार्ड डिपार्टमेंटमधून बोलतोय. तुमच्या बिलात ओव्हरलिमिट चार्ज लागलाय, तो आज रिव्हर्स करून देतो.’ बिलात चार्ज खरंच होता, त्यामुळे काकांना वाटलं, याला सगळं ठाऊक आहे. ठाऊक काही नसतं. हेच वाक्य दिवसभर शेकडो जणांना ऐकवलं जातं. ज्याच्या बिलात ती ओळ असेल तो गळाला लागतो.

पुढे कार्डाचा क्रमांक, मुदत, मागचे तीन आकडे, आणि शेवटी ‘रिफंडचा ओटीपी’. त्या ओटीपीच्या संदेशात खरेदीची रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं होतं. पण चालू फोनवर घाईघाईत फक्त सहा आकडे वाचले जातात. बँकेला स्वतःचा आकार परत करायला तुमचा ओटीपी, सीव्हीव्ही (तेच मागचे तीन आकडे), लिंक किंवा कुठलंही अ‍ॅप लागत नाही. ती रक्कम बँकेच्या नोंदीतून थेट कार्डावर जमा होते. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत, साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला असा फोन तिथेच ठेवून द्यावा. दुसरा सापळा म्हणजे इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधणं. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

कार्डावर ओव्हरलिमिटची सोय चालू असेल तर चोरही मर्यादेच्या वर जाऊ शकतो. मग चोरीच्या खरेदीवर पुन्हा तोच आकार.

खरा आकार परत मिळवायचा मार्ग वेगळा आहे, आणि फारसा अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा ओलांडू देता येत नाही. म्हणून तक्रारीत ‘कृपया माफ करा’ असं लिहू नका. त्याने फार तर ‘सद्भावना’ म्हणून एकदा पैसे मिळतात. असं लिहा: ‘मी ओव्हरलिमिटला संमती दिलेली नाही. दिली असल्यास तारीख, वेळ आणि माध्यम कळवा, अन्यथा आकार व त्यावरील जीएसटी परत करा.’ जीएसटीचा उल्लेख हवाच. नाहीतर ५५० येतात आणि ९९ राहून जातात. कधी कधी संमती खरोखर दिलेली निघते: कार्ड घेताना भरलेल्या अर्जातली खूण, किंवा अ‍ॅपमध्ये ‘पुढे जा’ म्हणून दाबलेलं बटण. तशी असेल तर जुन्या आकाराबद्दल विनंतीच करावी लागते.

तक्रार लेखी करा आणि क्रमांक जपून ठेवा. बिल मात्र पूर्ण भरा. ६४९ अडवून ठेवले तर बिनव्याजी मुदत जाते आणि खरेदीच्या तारखेपासून महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मर्यादा नकळत संपते ती बहुधा इथे: वस्तू हप्त्यांवर घेतली की सुरुवातीलाच तिची पूर्ण रक्कम अडकते आणि हप्त्याहप्त्याने सुटते; घरच्यांना दिलेलं अ‍ॅड-ऑन कार्ड त्याच मर्यादेतून खातं; हॉटेलने अनामत अडवलेली असते; परदेशी खरेदीची अंतिम रक्कम विनिमयदर बदलल्याने वाढते. अ‍ॅपमध्ये कार्डाच्या नियंत्रणात ओव्हरलिमिटचं बटण असतं, ते बंद करा. त्यानंतर एखादा व्यवहार नाकारला जाईल, काउंटरवर जरा ओशाळल्यासारखं होईल, इतकंच.

ओटीपी देऊन बसला असाल तर क्रम असा. आधी कार्ड ब्लॉक, अ‍ॅपमधून किंवा कार्डामागच्या नंबरवरून. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच असते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. मुंबईत प्रादेशिक विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत, पण तिथे पोहोचेपर्यंत १९३० थांबवून ठेवू नका. बँकेला कळवल्याची वेळ लेखी हवी: ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवण्यापूर्वीचं नुकसान ग्राहकाचं धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं.