दोरू नदीवरील क्रूझ : ठाण्याहून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी सविस्तर अभिप्राय

पोर्तुगालमधील दोरू नदीवरच्या आठवडाभराच्या क्रूझविषयी ठाण्यातील आमच्या परिचयाची निवृत्त मंडळी चौकशी करतात, तेव्हा त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. वाइन न पिणाऱ्याने जावे काय, हा पहिला. आणि तेवढ्याच खर्चात तीन-चार देशांची नेहमीची युरोप सहल होत असताना एकाच नदीवर आठवडा का घालवावा, हा दुसरा. सप्टेंबरअखेरीस, द्राक्षांच्या काढणीच्या दिवसांत, आम्ही उभयतांनी ही सहल केली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःशंकपणे होकारार्थी आहे, कारण माझी पत्नी वाइन घेत नाही आणि तरीही तिला ही सहल माझ्याइतकीच, किंबहुना काकणभर जास्तच, आवडली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. जो डेकवर बसून तासन् तास काठ न्याहाळू शकतो त्याचे पैसे पुरेपूर वसूल होतात. ज्याची सगळी भिस्त काठावरच्या स्थळदर्शनावर आहे त्याने दुसरा विचार करावा.

स्पेनमध्ये उगम पावून सुमारे ९०० किलोमीटर वाहणारी ही नदी पोर्तो शहराजवळ अटलांटिकला मिळते. क्रूझच्या बोटी तिच्या शेवटच्या, म्हणजे पोर्तोपासून स्पेनच्या सीमेवरील बार्का दाल्वापर्यंतच्या, साधारण २०० किलोमीटरच्या पट्ट्यात ये-जा करतात. या बोटी रात्री चालत नाहीत, संध्याकाळी धक्क्याला लागतात. एरवी ही गैरसोय वाटली असती, परंतु त्यामुळेच नदीचा जो भाग आपण ओलांडतो तो उजेडात आणि डोळ्यांदेखत ओलांडतो, झोपेत काहीही निसटून जात नाही. या पट्ट्यात पाच धरणे असून प्रत्येक ठिकाणी बोट लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी वाढवता येणाऱ्या दारबंद हौदातून, वर चढवावी लागते. लॉकची रुंदी जेमतेम १२ मीटर असल्याने बोटींचा आकारही मर्यादित राहतो, आणि म्हणून समुद्रावरच्या अवाढव्य क्रूझसारखी गर्दी व गोंगाट येथे नाही.

कारापातेलो धरणाचे लॉक हा या प्रवासातील असा प्रसंग आहे की ज्यासाठी दुपारची झोप अवश्य सोडावी. पाण्याची पातळी येथे तब्बल ३५ मीटरनी बदलते. घोडबंदर रस्त्यावरील एखादी अकरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणली म्हणजे या उंचीची कल्पना येईल. आत शिरण्यापूर्वी डेकवरची छत्रे व कठडे पाडून ठेवतात आणि सर्वांना बसून राहायला सांगतात. मग बोट दोन काळ्या, निथळत्या भिंतींच्या मध्ये जाते. बाजूला उरलेली जागा इतकी थोडी असते की हात लांब केला तर शेवाळ लागेल असे वाटते. मागचे दार बंद झाल्यावर ओल्या सिमेंटचा गारवा अंगावर येतो, वर आकाशाची एक चिंचोळी पट्टी उरते, आणि पाणी सुटू लागले की बोट कोणताही धक्का न देता वर सरकू लागते. भिंतीवरील ओल्या रेघा एकेक करून खाली जातात, ऊन आधी समोरच्या भिंतीच्या माथ्यावर आणि मग आपल्या गुडघ्यांवर येते, आणि वर पोहोचल्यावर समोर शांत, रुंद जलाशय पसरलेला दिसतो. ही सारी किमया केवळ पाण्याच्या पातळीची असते.

पोर्तो सोडल्यावर आरंभीचे काही तास दोन्ही काठ हिरवेगार आणि ग्रॅनाइटचे आहेत. रेग्वा गाव जवळ येऊ लागले की दगड बदलतो, शिस्टचे पापुद्र्यांचे डोंगर सुरू होतात आणि त्यांच्या अंगावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षांच्या पायऱ्या दिसू लागतात. नाशिक-दिंडोरीकडच्या मांडवांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना या बुटक्या, कोरड्या उतारावर उभ्या असलेल्या वेली प्रथम नवलाच्या वाटतात. शिस्टच्या भेगांतून मुळे खोलवर जाऊन ओल शोधतात, तर तापलेला दगड रात्रीही ऊब देत राहतो. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तिथल्या हवामानाविषयी म्हण आहे. चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड रचून या पायऱ्यांच्या भिंती पिढ्यान् पिढ्या माणसांनी हातांनी बांधल्या आहेत. मध्येच काही पायऱ्या ओसाड, झुडपांनी भरलेल्या दिसतात. १८६० नंतरच्या काळात फायलोक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळे खाल्ली, त्यानंतर ज्या जमिनी पुन्हा लावल्याच गेल्या नाहीत त्या या. २००१ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, तो अशा माणसाच्या हातांनी घडवलेल्या भूदृश्यासाठी.

आम्हा ठाणेकरांना येथे आणखी एक धागा सापडतो. ज्या पोर्तुगीजांनी उभारायला घेतलेल्या किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, त्यांच्याकडून मराठ्यांनी ठाणे १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये घेतली. त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, १७५६ मध्ये, पोर्तुगालचा मुत्सद्दी मंत्री पोंबाल याने दोरूच्या खोऱ्यातील वाइनच्या प्रदेशाची सीमा आखून दिली आणि पुढे तिच्यावर ग्रॅनाइटचे तीनशेहून अधिक खांब रोवले गेले. वाइनमध्ये भेसळ वाढून भाव कोसळले होते. रंग गडद करण्यासाठी एल्डरबेरीचा रस मिसळला जाई, म्हणून ती झाडेच उपटण्याचा हुकूम निघाला. शेतमालाच्या नावाला आणि प्रतीला कायद्याचे संरक्षण देण्याचा हा जगातील अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक. उत्तर कोकण हातचे गेले त्या सुमारास मायदेशात ही माणसे काय करीत होती, हे काठावरचा एखादा खांब पाहताना समजते, आणि शाळेत एका ओळीत संपवलेल्या इतिहासाची दुसरी बाजू दिसते.

वालेइराच्या घळीत नदी अरुंद होते आणि दोन्ही बाजूंचे कडे थेट पाण्यात उतरतात. धरण होण्यापूर्वी येथे खडकांतून उसळत धावणारा भयंकर प्रवाह होता. दोरूचा तपशीलवार नकाशा तयार करणारे जोसेफ फॉरेस्टर १८६१ मध्ये येथेच बोट उलटून बुडाले. त्याच बोटीत असलेल्या डोना आंतोनिया फेरेरा, ज्यांनी वैधव्यानंतर या खोऱ्यातील प्रचंड मळे सांभाळले व वाढवले, त्या वाचल्या; त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवले, अशी आख्यायिका सांगतात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी ही हकीकत बोट नेमकी घळीत असताना सांगितली, आणि त्यांच्या कामाची ही जाण मला फार आवडली.

पिन्यांव हे लहानसे गाव आहे. त्याच्या रेल्वे स्थानकावरील निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रे मात्र सावकाश पाहावीत, कारण द्राक्षे खुडण्यापासून पिंपे नावेत चढवण्यापर्यंतचे सगळे काम त्यांत क्रमाने उमगते. जवळच्या मळ्यात आम्ही संध्याकाळी ग्रॅनाइटच्या उथळ हौदात द्राक्षे तुडवली जाताना पाहिली. मजूर एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, मांडीपर्यंत जांभळ्या रसात, एका तालात पावले टाकत होते. रस अर्धवट आंबल्यावर त्यात द्राक्षांचेच कडक मद्य ओततात; त्यामुळे आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि गोड, जड पोर्ट वाइन तयार होते. लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरलेल्या टॉनी प्रकाराचा रंग लाल न राहता मधासारखा होतो आणि त्याला अक्रोड व सुक्या अंजिराचा वास येतो. अत्यंत थोडी घ्यावी आणि वेळ लावून घ्यावी, अशी ही चीज आहे. पोर्तोसमोरच्या गाया येथील प्रसिद्ध तळघरांतही चव देतात, परंतु तेथे गटामागून गट येत असतात. मळ्यावरचा अनुभव त्याहून कितीतरी सरस.

तक्रारी दोन आहेत. पहिली स्थळदर्शनाची. लामेगो शहरातील देवळाला ६८६ पायऱ्या असून बस थेट माथ्यावर नेते व आपण उतरत यायचे, ही सोय गुडघेदुखीवाल्यांसाठी उत्तम. परंतु प्रत्येक टप्प्यावर निळ्या फरशा आणि कारंजी असताना आम्हाला अक्षरशः पळवत खाली आणले. दुसरी शाकाहाराची. आरक्षणाच्या वेळी स्पष्ट लिहून देऊनही सुरुवातीचे काही दिवस उकडलेल्या भाज्या आणि पास्ता यांचीच आलटून-पालटून बोळवण झाली. आचाऱ्याशी समक्ष बोलल्यावर त्याने टोमॅटो घालून भात आणि छोले करून दिले, तेही मनापासून. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी आचाऱ्याला भेटावे. हिरव्या भाजीचे काल्दो वेर्दे हे सूप शाकाहारी दिसते, पण त्यात सहसा डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती असते; गोड कस्टर्डच्या पेस्ट्रीत अंडे असते. जैन मंडळींनी चिवडा-खाकऱ्याची तजवीज घरूनच करावी.

मुंबईहून पोर्तोला थेट विमान नाही, त्यामुळे बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी तरी तेथे पोहोचणे शहाणपणाचे. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळावे. सर्वांत खालच्या मजल्यावरच्या केबिनच्या खिडक्या पाण्यालगत आणि बंद असतात, परंतु दिवस डेकवरच जाणार असल्याने वरच्या केबिनसाठी जादा पैसे मोजण्याची आवश्यकता नाही; त्याऐवजी मळ्यावरच्या संध्याकाळच्या जेवणाचा पर्याय स्वतंत्र आकारणीने मिळत असेल तर तो घ्यावा.