रिलेचे पैसे घेतले, रिले जोडलाच नाही

दुचाकीला मोठ्या आवाजाचा हॉर्न लावायला 1,900 रुपये दिले. त्यातले 1,350 हॉर्नच्या जोडीचे, 350 रिले (बटणाच्या थोड्या करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू करणारा स्विच) आणि वायरिंग किटचे, 200 फिटिंगचे. आकडा छोटा वाटेल. पण त्यापायी कुमठे फाट्याजवळ रात्री मागून चारचाकी अंगावर येता येता राहिली, म्हणून लिहितोय.

हौस म्हणून लावला असं कुणी म्हणू नका. सांगली ते तासगाव रोज जाऊन-येऊन करतो. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कुमठे. उसाच्या सीझनला ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, आणि गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की माझ्या 2018 च्या 125 सीसीचा कंपनीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. डिसेंबरात बुधगावजवळ एक ट्रॅक्टर इंडिकेटर न देता उजवीकडं वळला. मी साइडपट्टीवर उतरलो म्हणून वाचलो. घरी मुलं आहेत. मोठा हॉर्न त्यासाठी हवा होता.

दुकान सांगलीतलंच, ॲक्सेसरीजचं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. आणि मी काहीच माहीत नसताना गेलो नव्हतो. मूळ हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात, हाय-लो जोडी, म्हणजे एक बारीक आणि एक जाड सुराचा हॉर्न, आठ-दहा खेचते. हँडलवरचं बटण तेवढ्या करंटसाठी बनवलेलं नसतं. म्हणून बॅटरीवरून वेगळा फ्यूज टाकून जाड वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला आणायची, 87 मधून हॉर्नला न्यायची, आणि बटणाच्या वायरी फक्त 85-86 ला. हे मी दुकानदाराला काउंटरवर बोलून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, रिलेशिवाय आपण जोडी लावतच नाय. बिनघोर राहा."

त्यानं नामांकित कंपनीचा बॉक्स काढला. 118 डेसिबल छापलेलं, होलोग्राम लावलेला. झाकणावर मात्र कंपनीच्या सीलऐवजी साधी पारदर्शक चिकटपट्टी होती. विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाइकांना आवाज ऐकवायला खोलतो. मला ते पटलं.

आता जे सांगतो ते आजही आठवलं की झोप लागत नाही. दुकानातलं पोरगं फिटिंगला बसलं. हेडलाइटचे दोन स्क्रू काढले, पुढंच खुडबूड केली, पंधरा-वीस मिनिटांत हॉर्न वाजवून दाखवला. मी बाजूलाच उभा होतो. बॅटरी माझ्या गाडीला उजव्या साइड पॅनलच्या आत आहे. त्या पॅनलच्या स्क्रूच्या खाचेत कवलापूरचा वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. माझी नजर त्यावर गेली होती! पॅनल उघडलंच नाही, मग बॅटरीची वायर आली कुठून? प्रश्न ओठांवर आला होता. तेवढ्यात मालक म्हणाला, "दादा, चहा घ्या." मी चहा घेतला आणि विचारलं नाही. हेडलाइटखाली झिप टायनं बांधलेला काळा रिले दिसत होता, त्यावर समाधान मानलं. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पुढं किती झाली ते वाचा.

हजार रुपये क्यूआर कोडवर घेतले, नऊशे "रोख द्या दादा, सुट्टे पाहिजेत" म्हणून रोख. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं आलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. बिल मागितलं तर कॅल्क्युलेटरशेजारच्या चिटोऱ्यावर 1,900 लिहून दिले. क्यूआरवर दुकानाचं नाव नसेल तर तिथं एक रुपयाही देऊ नका.

अकराव्या दिवशी आवाज घोगरा झाला. एकोणिसाव्या रात्री कुमठे फाट्याच्या अलीकडं हॉर्न दाबला आणि फ्यूज उडाला. माझ्या गाडीत हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एकाच फ्यूजवर आहेत. मला कळलंच नाही. पुढं ट्रॉली आली म्हणून ब्रेक मारला, मागच्या चारचाकीला माझा लाल दिवा दिसला नाही, तिचे टायर किंचाळले आणि ती माझ्या मडगार्डापासून हातभर अंतरावर थांबली.

दुसऱ्या दिवशी माधवनगरच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं रिलेवरची काळी टेप सोडवली. आत चार वायरी, प्रत्येक बोटभर लांब, कापून टेपमध्ये गुंडाळलेल्या. कशालाच जोडलेल्या नाहीत. हॉर्नची जोडी सरळ जुन्या हॉर्नच्या वायरींवर पिळ मारून बसवलेली. बटणाचे पॉइंट जळून काळे पडलेले. मग त्यानं हॉर्न फोडला, कॉइलची तार ब्लेडनं खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. म्हणजे हॉर्नही बनावट.

नवा स्विच 480, वायरिंग आणि मजुरी 650, खात्रीचा एकच हॉर्न 420. म्हणजे 1,550. आधीचे 1,900 धरून एकूण 3,450 रुपये आणि तीन अर्ध्या रजा.

दुकानदार म्हणाला, "इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नसते," आणि वर "हा आमच्याकडचाच कशावरून?"

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच देणार नाही म्हणाले. तिसऱ्यांदा अर्जच सापडेना, आणि वर मलाच प्रश्न, "एकोणीसशे रुपयांसाठी गुन्हा नोंदवायचा का?" अहो, बनावट माल त्या दुकानात रोज विकला जातोय. एकोणीसशे माझे गेले, बाकीच्यांचे किती? तिथून मला वाहनांशी संबंधित दुसऱ्या एका कार्यालयात धाडलं. तिथला माणूस म्हणतो, जोडी हॉर्न लावलात म्हणजे दंड तुम्हालाच. केंद्रीय मोटार वाहन नियम 119 मला पाठ झालाय आता. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न त्यात बंद आहेत. माझ्या जोडीतले दोन्ही हॉर्न एकाच वेळी वाजतात, एकामागून एक नाही. हे सांगितलं तर म्हणाला, नियम आम्हाला शिकवू नका. ज्याची फसवणूक झाली त्यालाच दरडावायचं आणि विकणाऱ्याच्या दारात जायचंही नाही! एवढी पायपीट करून माझ्या हातात एका शिक्क्याचाही कागद आला नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. त्यात त्यांची चूक नाही. म्हणून सांगतो, जीएसटीचं पक्कं बिल घेतल्याशिवाय गाडी हलवू नका, त्यावर हॉर्नचा बॅच नंबर लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तिकडं अर्ज टाकलाय. हजार रुपयांची ऑनलाइन नोंद आहे, उरलेल्या नऊशेचा पुरावा नाही. रोख मागितली की समजून जा.

अर्जाची दुसरी प्रत पोलिसांना स्पीड पोस्टानं पाठवलीय, त्याची पावती तरी हातात आहे. फोडलेला हॉर्न आणि कापलेल्या वायरींचा रिले पिशवीत जपून ठेवलाय, फोटो इलेक्ट्रिशियनसमोरच काढलेत. गेल्या वर्षभरात तुम्हीही जोडी लावून घेतली असेल तर आज रात्रीच बॅटरीचं पॅनल उघडून बघा. प्लसवरून फ्यूजची वेगळी वायर पुढं गेलेली दिसली पाहिजे. नसेल तर टेप सोडायच्या आधी फोटो काढा, आणि तोपर्यंत हॉर्न दाबू नका.