लॅपटॉप मस्त, पण त्याला स्वतःचीच एसएसडी दिसत नव्हती

आधी मार्क देऊन टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांची सुटका. लॅपटॉपला पाचपैकी चार, बंडलमध्ये गळ्यात मारलेल्या एसएसडीला (म्हणजे डेटा साठवायच्या ड्राइव्हला) एक, आणि सर्व्हिसला दीड, त्यातला अर्धा पण घरी आलेला माणूस वेळेवर आला म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण हा घोळ सध्या बऱ्याच नव्या मशीनमध्ये होतो आणि नाव टाकलं की खाली फक्त ही कंपनी चांगली की ती चांगली एवढीच भांडणं होतात.

मी घेतला तो विंडोज नसलेला व्हेरिएंट, इंटेलचा बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर, आत दोन एम डॉट टू स्लॉट, म्हणजे एसएसडीचं कार्ड बसवायच्या जागा. एका स्लॉटमध्ये कंपनीनेच बसवलेली ५१२ जीबीची एसएसडी, दुसरा रिकामा, आणि विकणाऱ्याच्या पेजवर खाली "यासोबत घ्या" म्हणून १ टीबीची एसएसडी दाखवत होते ती पण घेतली. म्हणजे दोन ड्राइव्ह. दोन्ही दिसले नाहीत. आणि गंमत म्हणजे दोघांची कारणं एकदम वेगळी निघाली, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पहिल्यापासून सांगते. पेनड्राइव्हवर विंडोज ११ घेतलं, बूट केलं, भाषा कीबोर्ड सगळं झालं आणि जिथे ड्राइव्ह निवडायचा त्या स्क्रीनवर लिस्ट रिकामी, वर मेसेज की एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर लोड करा. कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडून लगेच, "मॅडम, एसएसडी फेल आहे, लॅपटॉप पाठवून द्या, डायग्नोसिस करू." अरे पण बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणारी मशीनची सेटिंग स्क्रीन) तीच एसएसडी नावासकट, ५१२ जीबी साइजसकट व्यवस्थित दिसतेय की! मेलेला ड्राइव्ह स्वतःचं मॉडेल नंबर सांगेल का? हे मी विचारलं तर म्हणे सिस्टीममध्ये रिप्लेसमेंटचाच ऑप्शन येतोय. बरं.

तर इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, "एसएसडी दिसत नाही" हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकतं. बायोसमध्येच दिसत नसेल तर मामला हार्डवेअरचा किंवा स्लॉटचा किंवा एखाद्या सेटिंगचा. बायोसमध्ये दिसते पण विंडोज टाकताना दिसत नाही, तर जवळपास नेहमी ड्रायव्हरचा. आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते पण धिस पीसीमध्ये नाही, तर काहीच बिघडलेलं नाही, फक्त फॉरमॅट करायची राहिलीये. कस्टमर केअरवाल्याने पहिल्या मिनिटाला एवढं एक विचारलं असतं ना, की मॅडम बायोसमध्ये दिसते का, तरी मी त्याला चार मार्क दिले असते. पण नाही, रीस्टार्ट केलं का, चार्जर लावलाय का, वॉरंटी रजिस्टर केली का.

माझी पहिली केस मधली. कारण व्हीएमडी. इंटेलने अकराव्या जनरेशनपासून, म्हणजे २०२० पासूनच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस नावाचा प्रकार दिलाय, मुळात सर्व्हरवरची गोष्ट, खूप ड्राइव्ह जोडून एकत्र चालवायला, ज्याला रेड म्हणतात. तो चालू असला की एसएसडी थेट सिस्टीमला न दिसता इंटेलच्या या कंट्रोलरच्या मागे जाऊन बसते, आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये बहुतेक वेळा नसतो. मग इन्स्टॉलर म्हणतो ड्राइव्हच नाही. आता विंडोज आधीच टाकून आलेल्या लॅपटॉपमध्ये कंपनीने ड्रायव्हर आधीच घातलेला असतो त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही, पण जो विंडोजशिवायच विकताय, ज्याच्या गिऱ्हाइकाला पहिलं काम इन्स्टॉलेशनचंच आहे, त्यात हे चालू ठेवून द्यायचं आणि बॉक्समधल्या चिठ्ठीत एक ओळ पण लिहायची नाही, हे कुणाचं डोकं?

एसएसडीची खात्री करायला मी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला, टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं, दोन सेकंदात ५१२ जीबी समोर. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर असतोच म्हणून. कुणाला शंका असेल तर ही टेस्ट फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि एसएसडी जिवंत आहे की नाही याचं उत्तर फोनवरच्या माणसापेक्षा लवकर मिळतं.

उपाय दोन. एक म्हणजे आपल्या मॉडेलच्या सपोर्ट पेजवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या आणि इन्स्टॉलरमध्ये लोड ड्रायव्हरवर क्लिक करून दाखवा. इथे बरेच जण अडकतात, कारण डाउनलोड होते ती ईएक्सई फाइल, ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर इन्स्टॉलरला काही दिसत नाही, त्याला आतल्या आयएनएफ फाइल लागतात. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती आधी एक्सट्रॅक्ट करायची, कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फाइलच्या नावापुढे स्पेस, डॅश, एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स एका शब्दात आणि मग फोल्डरचं नाव, की सगळं सुटं होऊन मिळतं, त्यातलं व्हीएमडी नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. काही कंपन्या सरळ झिप देतात, मग एवढी उठाठेव नाही. माझ्यावालीने अर्थातच ईएक्सई दिली.

दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंदच करून टाकायचं. एकच माणूस, साधा वापर, रेड बिड काही करायचं नाही, तर बंद केल्याने काही अडत नाही, अशा नव्या पद्धतीच्या, म्हणजे एनव्हीएमई एसएसडीसाठी विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर ८.१ पासून आहेच. मी हेच केलं. ऑप्शन कुठे असतो ते प्रत्येक बायोसमध्ये वेगळं, कुठे अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, कुठे स्टोरेजमध्ये, आणि काही लॅपटॉपमध्ये तर चक्क लपवलेला, मेन टॅबवर असताना कंट्रोल आणि एस दाबलं की प्रकट होतो. देव जाणे का.

पण थांबा, ज्यांच्या मशीनवर विंडोज आधीच चालू आहे त्यांनी हे वाचून लगेच जाऊन व्हीएमडी बंद करू नका प्लीज. चालू असताना टाकलेलं विंडोज, नंतर बंद केलं की निळी स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत चालू केलं की बहुतेक वेळा जागेवर येतं पण तोपर्यंत जीव जातो. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसमध्ये हात घालायच्या आधी रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, ४८ आकडी असते, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही हे वेगळं सांगायला नको.

एवढं झालं, विंडोज पंधरा-वीस मिनिटांत बसलं, खूश झाले. मग दुसरी एसएसडी.

मागचं कव्हर उघडायचा अनुभव चांगला आहे हां, कबूल करायला हवं. स्क्रू साधे, क्लिपा नाजूक नाहीत, बॅटरीचा कनेक्टर हाताने सुटतो आणि तो आधी सोडवाच. कार्ड तिरकं आत सरकवायचं, साधारण तीस अंशात, मग दाबून स्क्रू. बसलं एकदम फिट. चालू केलं, बायोसमध्ये गेले, पहिली एसएसडी आहे, दुसरीच्या जागी काही नाही. परत काढून बसवली, नाही. बायोस अपडेट केला, नाही. लिनक्समध्ये पण नाही. म्हणजे हा पहिल्या प्रकारातला मामला, ड्रायव्हरचा संबंधच नाही.

वॉरंटीत घरी येऊन बघायची सोय आहे म्हणून माणूस बोलावला. पोरगा चांगला होता बोलायला, आल्या आल्या कार्ड काढलं, स्वतःकडच्या यूएसबी एन्क्लोजरमध्ये (कार्ड बाहेरून जोडायच्या डबीत) घातलं, त्याच्या लॅपटॉपला लावलं, दिसलं नाही, "मॅडम, ही गेलीये, डेड आहे." मी म्हटलं, "दादा, एकदा लेबल वाचूया का?" लेबलवर बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं, साटा सहा गिगाबिट. आणि त्याचं एन्क्लोजर? त्याच्यावर फक्त एनव्हीएमई. ते साटावालं कार्ड वाचूच शकत नाही, कार्ड नवं असो जुनं असो. भावाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये साटा चालणारा एम डॉट टू स्लॉट आहे, तिथे नेऊन लावलं तर लगेच दिसलं, फाइली कॉपी करून बघितल्या, ठणठणीत.

म्हणजे काय, तर एम डॉट टू हा फक्त आकार आहे. त्या आकारात दोन जातीची कार्डं येतात, एक जुन्या साटा पद्धतीने बोलणारी आणि दुसरी पीसीआय एक्स्प्रेसवरून एनव्हीएमई बोलणारी. रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर, म्हणून दोन्हीवर २२८० लिहिलेलं, समोर ठेवली तर जुळ्या बहिणी. खाचांवरून थोडा अंदाज येतो, साटावाल्या कार्डाला बहुतेक वेळा दोन खाचा आणि एनव्हीएमईवाल्याला एक, पण दोन लेनची (डेटा जायच्या दोनच वाटा असलेली) काही एनव्हीएमई कार्डंसुद्धा दोन खाचांची असतात, त्यामुळे खाचेवर भरवसा ठेवू नका, लेबल वाचा. आणि दोन खाचांचं कार्ड एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये आरामात बसतं, स्क्रू पण लागतो, फक्त बोलत नाही. माझ्या लॅपटॉपचे दोन्ही स्लॉट फक्त एनव्हीएमईचे. हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये एका टेबलात आहे, मॅन्युअल सपोर्ट पेजवर आहे, पण प्रॉडक्ट पेजवर काय लिहिलंय तर "अतिरिक्त एम डॉट टू एसएसडी स्लॉट". आणि त्याच पेजवर खाली ही साटावाली शिफारस! ही शिफारस कुणी माणसाने केली नसणार, दोन्ही वस्तूंच्या नावात एम डॉट टू आलं आणि कॉम्प्युटरने जोडी लावून दिली.

बरं साटा चालली असती तरी मी परतच केली असती. साटाची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, तिथे चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या चार लेनवरची चांगली एसएसडी सात हजारापर्यंत जाते. रोजच्या वापरात एवढा फरक जाणवत नाही हे खरं, ब्राउझर काही बारा पट वेगाने उघडत नाही, पण मोठे व्हिडिओ इकडून तिकडे करणाऱ्याला जाणवतो.

डेस्कटॉपवाल्यांनी हसू नका, तुमच्याकडे वेगळी मजा आहे. बऱ्याच मदरबोर्डवर दुसरा किंवा तिसरा एम डॉट टू भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात कारण लाइन वाटून घेतलेल्या असतात, मग माणूस नवीन एसएसडी लावतो आणि जुनी हार्ड डिस्क गायब. आणि बी५६० किंवा झेड५९० बोर्डवर दहाव्या जनरेशनचा प्रोसेसर लावला असेल तर प्रोसेसरला थेट जोडलेला जो वरचा स्लॉट असतो तो चालतच नाही, त्याला अकरावी जनरेशन लागते. खालच्या स्लॉटमध्ये सरकवलं की झालं. कुणीतरी हे न कळून एसएसडी बदलत बसलं असणार याची मला शंभर टक्के खात्री आहे.

परतावा मिळाला, त्यासाठी भांडावं लागलं कारण माणसाने रिपोर्टमध्ये डेड लिहिलेलं आणि त्यामुळे ते तेच मॉडेल परत पाठवायला निघाले होते. मी कॅन्सल करून वेगळीकडून एनव्हीएमईवाली १ टीबी घेतली, लावली, बायोसमध्ये पहिल्या फटक्यात दिसली. विंडोजमध्ये गेल्यावर धिस पीसीमध्ये अर्थातच काही नाही, तो तिसरा प्रकार. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, तिथे विचारतो इनिशियलाइज करू का, डिस्कच्या मांडणीसाठी जीपीटी निवडा, जुनी एमबीआर नको, ते २ टीबीच्या पुढे जातच नाही आणि आता त्याची गरजही नाही. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट. फक्त डिस्क शून्य आणि डिस्क एक यातली नवी कुठली ते नीट बघा. काही लोक अशा वेळी डिस्कपार्ट या कमांडमध्ये जाऊन क्लीन मारायला, म्हणजे ड्राइव्ह पुसायला सांगतात, कोऱ्या ड्राइव्हला त्याची काही गरज नाही, आणि चुकीची डिस्क सिलेक्ट झाली तर तो आर यू शुअर वगैरे काही विचारत नाही.

आणि १ टीबीची ९३१ जीबीच दिसते म्हणून एक स्टार देणाऱ्यांनो, ती फसवणूक नाही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

बाकी लॅपटॉपबद्दल थोडक्यात. कीबोर्ड छान, स्क्रीन बाहेरच्या उजेडात कमी पडते, पंखा लोडवर ऐकू येतो पण शिट्टी मारत नाही. दोन्ही एसएसडी भरल्यावर डावीकडे तळहाताखाली थोडं गरम लागतं, दुसऱ्या स्लॉटवर थर्मल पॅड दिलाय ही चांगली गोष्ट, त्याच्यावरची पारदर्शक फिल्म तेवढी सोलून मग कव्हर लावा. आणि रिकाम्या स्लॉटचा स्क्रू लॅपटॉपमध्ये लावलेला नाही, बॉक्समध्ये पण नाही. ऑर्डर करतानाच मागून घ्या, नंतर मागितला तर त्याचीही कम्प्लेंट नंबर घेऊन वाट बघावी लागते.