टायरच्या हवेचा इशारा बंद करून सेन्सरचे पैसे घेतले

पुण्यातील एका कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाने माझ्याकडून इंजिनच्या ‘पॉवर कॉम्प्युटर’चे 14,500 रुपये आणि टायरमधील हवेचा दाब मोजणाऱ्या चार सेन्सरचे 11,200 रुपये घेतले. कॉम्प्युटरच्या डबीत काही रुपयांचा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारा छोटा भाग, निघाला आणि सेन्सर तर बसवलेच नव्हते. पैसे गेल्याचे वाईट वाटतेच. परंतु गाडीने दिलेला धोक्याचा खरा इशारा या लोकांनी बंद करून टाकला आणि त्याच गाडीतून मी आईवडिलांना घेऊन समृद्धी महामार्गाने निघालो होतो, ही बाब मला त्याहून गंभीर वाटते.

आधी कॉम्प्युटरविषयी. माझी गाडी पेट्रोलवर चालते. या डबीमुळे पिकअप वाढेल आणि अ‍ॅव्हरेज लिटरमागे तीन-चार किलोमीटरने सुधारेल, असे दुकानदाराने सांगितले होते. प्रत्यक्षात अ‍ॅव्हरेज घटले. पुढे ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीच्या कॉम्प्युटरमधील नोंदी वाचणारा स्कॅनर जोडला, तेव्हा भर मे महिन्याच्या दुपारी, बोनेटला हात लावता येत नसताना, इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान पडद्यावर 4 अंश दिसत होते. हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो; त्याच्या तारेत एक जादा रेझिस्टर जोडला की गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला बाहेर कडाक्याची थंडी आहे असे वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सर ही चूक पुष्कळशी दुरुस्त करत राहतो, त्यामुळे ताकद वाढण्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही डबी फोडली. आत काळी लांबी भरलेली होती आणि तिच्यात एक रेझिस्टर व एक लुकलुकणारा निळा दिवा, एवढेच होते.

ही डबी बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर टायरच्या हवेचे पिवळे चिन्ह लागले. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले की, “नवीन कॉम्प्युटरशी तुमचे जुने सेन्सर जुळत नाहीत, चारही बदलावे लागतील.” हे धादांत खोटे होते. प्रत्येक चाकाच्या आत वॉल्वपाशी बसवलेला सेन्सर रेडिओ लहरींनी दाब कळवतो. तो संदेश घेणारी यंत्रणा वेगळी असते आणि इंजिनाच्या सेन्सरला जोडलेल्या डबीचा तिच्याशी काही संबंध येत नाही. टायरचे काम दुकानामागच्या शेडमध्ये झाले. ग्राहकांना तेथे येऊ देत नाहीत. जुने सेन्सर मागितले, तर ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. दिवा मात्र विझला होता. डॅशबोर्डवर पूर्वी चारही चाकांचा दाब आकड्यांत दाखवणारे पानही नाहीसे झाले होते आणि “नव्या सेटिंगमध्ये ते पान येत नाही,” असे त्याचे समर्थन करण्यात आले.

समृद्धीवर जालन्याच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढू लागली. डॅशबोर्डवर कोणतीही सूचना नव्हती. बाजूला थांबून पाहिले, तर मागचे डावे चाक जवळजवळ बसलेले आणि टायरची बाजू हात टेकवता येणार नाही इतकी तापलेली होती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो आणि त्यातून उष्णता वाढत जाते; काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास वेगाने जाताना तो फुटायला वेळ लागत नाही. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला, तेव्हा आत रबराचा काळा भुसा साचला होता. सेन्सर सांभाळून काढा, असे मी सांगितल्यावर त्यांनी रिम माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “दादा, सेन्सर हायच कुठं? ह्यो तर साधा वॉल्व हाय.” टायरमध्ये एक खिळा होता आणि त्याचे डोके झिजून गुळगुळीत झाले होते. म्हणजे खिळा जुना होता, आणि माझ्या मते सुरुवातीला लागलेले पिवळे चिन्ह याच चाकाविषयी खरे सांगत होते.

नंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी झाली. गाडीत दाबमापन यंत्रणाच नाही, अशी नोंद दुकानाने स्कॅनरद्वारे करून ठेवली होती आणि चारही चाकांत साधे रबरी वॉल्व होते. माझे मूळ सेन्सर चालू स्थितीत होते. ते दुसऱ्या कुणाला विकले गेले असावेत, असा माझा संशय आहे.

अमेरिकेत टायरच्या बिघाडामुळे झालेल्या जीवघेण्या अपघातांनंतर 2000 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या कारला ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे 2020 च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असलेल्या कारला स्टेपनी नसली तरी चालते. अशा गाडीतला इशारा कुणी मुका केला, तर बसणाऱ्यांच्या हाती काय उरते, याचा विचार करावा.

आपल्या गाडीत ही यंत्रणा असेल, तर इग्निशन चालू केल्यावर इतर दिव्यांबरोबर टायरचे चिन्हही काही सेकंद लागते का, हे पाहावे. लागत नसेल, तर दिवा बिघडलेला आहे किंवा यंत्रणा बंद केलेली आहे. सामान्यतः स्थिर चिन्ह म्हणजे हवा कमी, आणि मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होणारे चिन्ह म्हणजे यंत्रणेतच दोष. सेन्सर बदलायचे असतील, तर टायर आपल्यासमोरच उतरवायला सांगावा, सेन्सरवरील क्रमांकाचा फोटो घ्यावा आणि तोच क्रमांक स्कॅनरवर दाखवायला लावावे. बाहेरून रबरी वॉल्व दिसला म्हणून घाबरू नये, कारण काही चांगले सेन्सरही रबरी वॉल्वचेच असतात. काही गाड्यांच्या चाकांत मुळातच सेन्सर नसतात. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा वेग पाहून गाडी हवेचा अंदाज बांधते आणि अशा गाडीत हवा भरून केवळ रीसेट करायचे असते. तिच्यासाठीही ‘चार सेन्सर’ विकणारे भेटतात, म्हणून मॅन्युअल आधी वाचावे.

मला मिळालेल्या पावतीवर केवळ ‘कार अ‍ॅक्सेसरीज’ असे लिहिलेले आहे. सेन्सरचा किंवा डबीचा उल्लेख नाही. म्हणून यूपीआयच्या नोंदी, दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पंक्चरवाल्याकडे काढलेले फोटो आणि सर्व्हिस सेंटरचे जॉब कार्ड हाच माझा पुरावा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वर, तक्रार नोंदवल्यानंतर दुकानाने आरोप नाकारले. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मी तेथे अर्ज दाखल केला असून 25,700 रुपये, टायरचा खर्च आणि माझ्या चार मूळ सेन्सरची किंमत मागितली आहे.